फैजपूरचा डबा

डबा ॲल्युमिनियमचा होता, एका कुशीला चेपलेला, आणि झाकणावर लाल ऑइलपेंटनं एक आडनाव. यावल-भुसावळ करत येणाऱ्या सकाळच्या एस.टी.नं तो फैजपूरहून जळगावच्या स्टँडवर यायचा. पॅसेंजर उतरायच्या आधी कंडक्टर तो खिडकीतून बाहेर धरायचा, कारण खाली मी उभी असणार हे त्याला ठाऊक असायचं. एवढा प्रवास करूनही डब्याच्या बुडाला ऊब असायची. दुसऱ्या गावांचेही डबे असायचे, ते मी पिशवीत टाकायचे. फैजपूरचा तेवढा पोटाशी धरून आणायचे.

डबा माझा नव्हता. तो जिच्यासाठी यायचा ती माझ्याच वयाची होती, विद्यापीठात शिकायची, आणि मी तिच्यावर इतकी जळायचे की तिची वेणीसुद्धा मला माझ्या वेणीपेक्षा लांब वाटायची. ती नव्हती लांब.

नव्वदनंतरची वर्षं होती. विद्यापीठ नवंच झालेलं, गावाबाहेर माळावर. अक्कांनी आपल्या घराच्या वरच्या मजल्यावर मुली ठेवायला सुरुवात केली होती. अक्का म्हणजे घराच्या मालकीण. नवरा गेल्यावर एवढ्या मोठ्या घरात एकट्या. सकाळचा चहा-पोहे आणि रात्रीचं जेवण अक्कांकडे, दुपारचं ज्याचं त्यानं. ज्यांची गावं जवळची त्यांना दुपारचा डबा घरून एस.टी.नं यायचा. डबे आणणं, दुपारी रिकामे झाले की घासणं, संध्याकाळच्या गाडीनं परत लावून देणं, हे माझं मुख्य काम. बाकी झाडलोट आणि अक्कांच्या हाताखाली स्वयंपाक.

मी साक्रीकडची. सातवीनंतर माझी शाळा सुटली. आई-वडील ऊसतोडीला गुजरातेत जायचे, धाकट्यांना कोणीतरी सांभाळायला हवं होतं. धाकटे मोठे झाले तसे तेही तोडीला जायला लागले आणि घराला अर्धं वर्ष कुलूप पडायला लागलं. आमच्या गावच्या गुरुजींच्या अक्का लांबच्या नात्यातल्या. त्यांनी मला ठेवून घेतलं, दोन लुगडी दिली, आपल्या खोलीत अंथरूण दिलं. आज मी हे चार अक्षरांत मांडू शकते तेही त्यांच्यामुळेच. दुपारी त्या मला पेपर वाचायला लावायच्या आणि अडले की 'पुन्हा' म्हणायच्या. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण तेव्हा त्या उपकारांचीच मला भीती वाटायची. दूध उतू गेलं, काचेचा ग्लास फुटला, की मनात पहिलं यायचं, आता मला परत पाठवतील. परत कुठे, कुलपाला?

मुली वाईट नव्हत्या. जिन्यात भेटल्या की म्हणायच्या, "काय शे, साक्रीवाली? काय करी ऱ्हायनी?" माझी बोली त्यांना गमतीची वाटायची. मीही हसायचे. आत मात्र वाटायचं, तुमच्या आया तरी काय पुस्तकातलं बोलतात?

फैजपूरची दुपारी डबा उघडायची तेव्हा मी काहीतरी निमित्त काढून वर असायचे. हिवाळ्यात वांग्याचं भरीत, त्यावर हिरवी कांद्याची पात. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, दोन्ही बाजूंनी सारखी भाजलेली. ठेचा एका छोट्या वाटीत, वाटीवर केळीच्या पानाचा तुकडा, तो दोऱ्यानं बांधलेला. तो दोरा लाल असायचा. तिची आई घरी गोधड्या शिवायची, त्यातलाच असावा. फैजपूरची खाता खाता पुस्तक वाचायची. अर्धी भाकरी उरायचीच.

"आईला कितीदा सांगितलं, एवढं पाठवत जाऊ नको," ती म्हणायची.

हे वाक्य मला फार लागायचं. माझी आई त्या वेळी उसाच्या फडात पाचट सोलत असेल, आणि हिला आईला सांगायला हेच सापडलं होतं.

आमच्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत देत नाहीत. शेजारणीनं वाटीभर डाळ दिली तर वाटी परत जाताना त्यात चिमूट साखर का होईना, जातेच. लहानपणी मी एकदा वाटी तशीच न्यायला निघाले तर आईनं दारातून ओढून आणलं होतं. "रिकामं भांडं कोनले देवानं नही, बेटा," म्हणाली आणि वाटीत मूठभर शेंगा टाकल्या. फैजपूरची मात्र डबा जसा उरेल तसा मोरीत ठेवून द्यायची. तिला कधी काही सुचल्याचं मी पाहिलं नाही. म्हणून पहिल्यांदा मी टाकलं. अक्कांच्या परसात लिंबाचं झाड होतं. खाली पडलेलं एक पिवळं लिंबू घेतलं, पुसलं, डब्यात ठेवलं, झाकण लावलं आणि गाडीला देऊन आले. डबा हलवला की आत लिंबू गडगडायचं. कंडक्टर म्हणाला, "आज बोलतो काय हा डबा?"

मग ती सवयच झाली. कधी लिंबू, कधी वाळलेली चिंच, कधी मोगऱ्याची फुलं ओल्या फडक्यात. एकदा गुलबक्षीच्या काळ्या बिया, कागदाच्या पुडीत. अक्कांना विचारलं नव्हतं. पडलेलंच घ्यायचे, तरी जीव धाकधूक करायचा.

आणि उत्तरं यायला लागली. लिंबं गेली, काही दिवसांनी वाटीत लिंबाचं गोड लोणचं आलं. चिंच गेली, आठवड्यानं चिंचेचं सार आलं, घट्ट, बाटलीत. वर मुली ओरडल्या, "तुझ्या आईला काय डोहाळे लागले का गं?"

"काय माहीत," फैजपूरची म्हणाली. "मला लोणचं आवडतही नाही. साक्रीवाली, घे गं हे तुला."

मी ते खाली नेलं आणि चुलीपाशी पाठ करून बसून खाल्लं. उष्टं नव्हतं ते, उरलेलंही नव्हतं. ते मलाच आलं होतं. पाठवणारीला माहीत नव्हतं एवढंच. त्या घरात माझं असं दुसरं काही नव्हतं. संध्याकाळच्या गाडीनं एका बाईला काहीतरी पाठवायचं आणि चार-आठ दिवसांनी तिचं उत्तर खायचं.

पुढच्या दिवाळीच्या सुट्टीनंतर डबा आला नाही.

खिडकीतून कंडक्टरनं प्लॅस्टिकची पिशवी धरली. पातळ, दुधी रंगाची, आत गरम भरीत, त्यामुळे पिशवी आतून घामेजलेली. तोंडाला लाल दोऱ्याच्या दोन गाठी. भाकऱ्या दुसऱ्या पिशवीत. मी म्हटलं, "डबा?"

"आता डबा बंद, बाई. बरं झालं. परवा वळणावर एक डबा वरून पडला तो एका म्हाताऱ्याच्या टोपीवर. सगळ्यांनाच सांगतो मी, पिशव्या आणा."

वर गेले तर फैजपूरची दुसऱ्या मुलीला सांगत होती, "मीच सांगितलं आईला. तो चेपका डबा कधी विद्यापीठात नेला तर सगळे वळून बघतात. वर बाबांचं आडनाव, जसं काही मी मालाची पेटी आहे. पिशवी कशी, खाल्लं की फेकलं. सुटसुटीत."

पिशवी तेव्हा नवलाईची होती. साडीच्या मोठ्या दुकानाची जाड पिशवी मिळाली की मुली ती धुऊन दोरीवर वाळत घालायच्या आणि तीत वह्या घालून कॉलेजला न्यायच्या. साध्या पिशव्या मागच्या खिडकीतून खाली. बाकीचेही डबे एकेक करून बंद झाले. सकाळी मी परसात पडलेल्या पिशव्या पाचोळ्यासकट जाळायचे. जळताना त्यातून काळे थेंब गळायचे आणि वास केसांत बसायचा.

डबे गेले तसं माझं कामही गेलं. घासायला काही नाही, परत पाठवायला काही नाही. एक दिवस अक्का भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "आता स्टँडवर एकच खेप. तुला दिवसभर पुरेल असं काय काम द्यावं गं?" त्या सहज म्हणाल्या असतील. मी मात्र त्या दिवशी अंगण तीनदा झाडलं. तरी खरं सांगते, काम जाण्याची भीती होती ती होतीच, पण मोरीपाशी डबा नाही हे दुसरंच काहीतरी होतं. पिशवीत लिंबू घालून परत पाठवता येत नव्हतं. पिशवी परत जाणारच नव्हती.

मी नुसत्या गाठी बघायचे. आधी एक गाठ, मग दोऱ्याचा फेर, मग दुसरी, वर टोक आत खुपसलेलं. गरम भरीत सांडू नये म्हणून केवढी काळजी. फैजपूरची ती गाठ सोडायची नाही. पिशवी मधूनच टराटरा फाडायची.

थंडी ओसरली तेव्हा तिला विद्यापीठातून काम मिळालं. विद्यार्थ्यांना प्लॅस्टिकच्या कचऱ्याबद्दल काय कळतं आणि ते स्वतः काय करतात, याचा सर्व्हे. छापील प्रश्नांचे कागद घेऊन ती खोल्याखोल्यांत बसायची. मी बाहेर फरशी पुसत होते.

"प्लॅस्टिकची पिशवी मातीत कुजायला किती काळ लागतो?"

"पाऊस चांगला झाला तर एक साल," यावलची म्हणाली.

"ती काय शेणखत आहे का गं?"

"मग तूच सांग. तूच सांगणार असशील तर मला कशाला विचारतेस?"

"बरं, पुढचा. वापरून झालेल्या पिशवीचं तू काय करतेस?"

"साडीच्या दुकानाची असली तर गादीखाली. इस्त्री होते तिची."

"आणि साधी?"

"साधी खिडकीतून. तुझ्यासारखीच."

सगळ्या हसल्या. फैजपूरचीही हसली. "असंच लिहू का?"

"लिही की. नाव तेवढं टाकू नको, माझं लग्न जमायचंय अजून."

त्या खोलीतून ती बाहेर आली. दारात मी होते. मी फडकं बादलीत टाकून उभी राहिले. माझं उत्तर तयार होतं. पहिल्या प्रश्नाचं येत नव्हतं, पण दुसऱ्याचं येत होतं. ती माझ्याकडे बघून थांबली, कागदाकडे बघितलं.

"तुला नाही गं," ती म्हणाली, अगदी गोड आवाजात. "हे फक्त विद्यार्थ्यांसाठी आहे."

"बरं," मी म्हटलं आणि पुन्हा फडकं पिळलं. ती पुढच्या खोलीत गेली. मला वाटलं, हिला आई आहे, डबा आहे, विद्यापीठ आहे, आणि आता प्रश्नसुद्धा हिचेच.

त्यानंतर थोड्याच दिवसांत न्हाणीघरामागची गटार तुंबली. घाण पाणी परसात, लिंबाच्या झाडापर्यंत आलं. अक्का बांबू घेऊन स्वतः उतरल्या, मी हातानं ओढत होते. पिशव्यांवर पिशव्या निघत होत्या, एकमेकींत गुंतलेल्या, काळ्या, बुळबुळीत. मुली गॅलरीत ओढण्या नाकाला लावून उभ्या.

"हे कोणाचं गं सगळं?" अक्का ओरडल्या. "लग्नाची पंगत उठली का माझ्या न्हाणीत?"

माझ्या हातात एक पिशवी होती. पोट फाटलेलं आणि तोंडाला लाल दोऱ्याच्या दोन गाठी तशाच, टोक आत खुपसलेलं. घाणीतसुद्धा सुटल्या नव्हत्या. तशा आणखी निघाल्या, मी त्या एका बाजूला ठेवत गेले.

"लाल दोऱ्याच्या फैजपूरच्या आहेत, अक्का," मी म्हटलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "त्यांच्या आईची गाठ आहे ती. सोडायला वेळ लागतो."

"अगं सर्व्हेवाली!" वरून कोणीतरी म्हणालं. "कागद आण, लिहून घे!"

हशा झाला. फैजपूरचीचा चेहरा पार उतरला. मला त्याचं वाईट वाटलं नाही. खरं तर त्या दिवशी मला जेवण चांगलं गेलं.

मग तिची आई आली. डोळे दाखवायला जळगावला आली होती, लेकीकडे घटकाभर टेकली. मी तिला प्रथमच बघत होते. ओसरीवर बसली होती, शेजारी केळ्यांची फणी आणि अक्कांसाठी वांगी. मी कल्पना केली होती त्यापेक्षा बारीक, डोक्यावरचा पदर घट्ट, बोटांना सुई टोचून टोचून घट्टे पडलेले. मी चहा घेऊन गेले तेव्हा ती लेकीला हळू आवाजात विचारत होती.

"तू रुसली का व माह्यावर?"

"कशाला रुसू?"

"आधी तुह्या डब्यात काही ना काही ऱ्हाये. लिंबू ऱ्हाये, चिच ऱ्हाये. मी डबा उघडू, तं तुह्या बापाले दाखवू, पाहा म्हणू, लेकीनं काय धाडलं. आता काहीच येत नाही. म्हटलं, पोरगी शिकली, विसरली मले."

"आई, आता डबा कुठे असतो? पिशवी..." ती बोलता बोलता थांबली. "लिंबू?"

"तुह्या त्या गुलबक्षीच्या बिया लावल्या व मी. न्हाणीपाशी केवढी माजली! सांजच्याले फुलते, तं तुही याद येते."

मी चहा न ठेवता कपबश्या हातात धरून तिथेच उभी राहिले. फैजपूरचीनं वर बघितलं, आधी कपांकडे, मग माझ्या तोंडाकडे. तिला कळलं. तशी हुशारच होती ती.

"हो गं आई," ती म्हणाली. "प्रॅक्टिकल होती सारखी. राहून गेलं."

आईचा चेहरा उजळला. त्या माउलीला दुसरं काही नकोच होतं. मी चहा ठेवला. तिनं माझ्याकडे बघून विचारलं, "तू कुठली व पोरी?" मी म्हटलं, साक्रीकडची. "लई दूर," ती म्हणाली आणि कप उचलून लेकीकडे वळली.

ती गेल्यावर मी नळावर भांडी घासत होते. फैजपूरची येऊन शेजारी उकिडवी बसली.

"तू टाकायचीस?"

"हो."

"का गं?"

"रिकामा डबा कसा पाठवायचा?"

तिनं राखेत बोट फिरवलं. "मला कधी सुचलंच नाही," म्हणाली. मग एकदम, "आईला सांगू मी? पुढच्या खेपेला सांगते, की ती तू होतीस."

ते मला हवं होतं. देवाशपथ हवं होतं. आईनं मला पुन्हा एकदा बघावं, नीट बघावं, गुलबक्षी माझी आहे हे तिला कळावं. पण लगेच दुसरं मनात आलं. अक्कांच्या कानावर जाईल. झाडाची लिंबं न विचारता बाहेर जात होती हे त्यांना कळेल. कामवाली लोकांच्या डब्यात हात घालते असं होईल. माझी जीभ माझ्या आधीच बोलली.

"नको, ताई. नको सांगू."

"खरंच नको?"

"नको."

ती मान हलवून उठली. तिनं पुन्हा विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं. तिसऱ्यांदा कोण विचारतं?

त्याच आठवड्यात डबा परत आला. तोच, चेपलेला, लाल आडनावाचा. कंडक्टर म्हणाला, "घ्या, आली परत तुमची पेटी." फैजपूरचीनं आणखी दोघींना डबे सुरू करायला लावले, आणि गटारीच्या रागात अक्कांनी बाकीच्यांना हुकूमच केला: पिशवीतलं जेवण माझ्या जिन्यावर चढणार नाही. मोरीपाशी पुन्हा डब्यांची रांग लागली. मला काय काम द्यावं हे अक्कांनी पुन्हा कधी विचारलं नाही. हे सगळं फैजपूरचीमुळे झालं. ते मी तेव्हाही मानत होते, आजही मानते.

त्या पहिल्या दिवशी मी तो डबा राखेनं चकचकीत घासला. गाडीला वेळ होता. परसात गेले. गटारीच्या पाण्यानं लिंबाचं झाड मरेल असं वाटलं होतं, पण धरलं होतं. एक चांगलं टपोरं लिंबू खाली पडलेलं मिळालं. ते धुतलं, पदराला पुसलं. डबा तोवर फैजपूरचीनं उचलून जिन्यात ठेवला होता, कापडात बांधून. मी गाठ सोडली आणि झाकण काढलं.

आत बोरं होती. विद्यापीठाच्या माळावरची, बारीक, तांबडी, सर्व्हेच्या उरलेल्या कागदात गुंडाळलेली. पुडी नीट बांधता आली नव्हती तिला, चार-पाच बाहेर सांडली होती.

लिंबाला डब्यात जागा होती. पण डबा रिकामा नव्हता. मला त्यात काही टाकायचं कारणच राहिलं नव्हतं. मी सांडलेली बोरं पुडीत भरली, पुडी तिच्यापेक्षा बरी बांधली, झाकण लावलं आणि डबा गाडीला देऊन आले. लिंबू मुठीतच होतं.

संध्याकाळी अक्कांनी विचारलं, "वरणाला लिंबू आहे का गं?" मी दिलं. चिरून ताटांत फोडी वाढल्या. फैजपूरचीनं फोड पिळली, बोटं चाटली आणि म्हणाली, "काय रस आहे गं याला!"

मी तिला आणखी भात वाढला.